लिनक्सवर पास, मॅकवर नापास : शेलमधल्या चाचण्या भरवशाच्या कशा कराव्यात



आपल्या मंडळात सॉफ्टवेअरवाले किती आहेत हे आरतीनंतर जेवणाच्या रांगेत उभे राहिले की कळते. पुढचा किंवा मागचा कोणीतरी 'काल रात्री बिल्ड तुटला' म्हणतच असतो. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि नुकतेच प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या आपल्या मुलांसाठी आहे. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांनी निदान पहिला भाग वाचावा, कारण त्यात माझी एक जुनी चूक कबूल केली आहे.

एक सूचना. हे पान देवनागरीत असल्यामुळे कमांडची नावेही देवनागरीतच लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

२०१४ सालची आमंत्रणे

त्या वर्षी गणपतीची आमंत्रणे पाठवण्याचे काम माझ्याकडे होते. प्रत्येक कुटुंबाची एक छोटी फाइल असे आणि फाइलचे नाव म्हणजे त्या घराचे आडनाव, देवनागरीत. शिवाय सगळ्यांचे पत्ते असलेली एक मोठी यादी. फोल्डरमधली नावे वाचायची, एकेक नाव यादीत शोधायचे आणि सापडलेल्या पत्त्याचे लेबल छापायचे. एवढे काम करणारी वीसेक ओळींची शेल स्क्रिप्ट आधीच्या स्वयंसेवकाने त्यांच्या लिनक्स मशीनवर लिहून ठेवली होती. माणूस व्यवस्थित, म्हणून सोबत चाचणीसुद्धा होती. मी सगळे माझ्या मॅकवर आणले, चाचणी चालवली, 'पास' असे उमटले. लेबले छापली, पाकिटे पोस्टात पडली.

स्थापनेच्या आदल्या दिवशी एका काकूंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागले. "काही चुकलं का रे आमचं?" एवढेच म्हणाल्या. त्यांचे आडनाव सांगत नाही, पण त्यात कऱ्हाडे, गोऱ्हे या आडनावांसारखा ऱ होता. शोध घेतल्यावर कळले की असा ऱ असलेल्या तीन घरांना आमंत्रणच गेले नव्हते. बाकी सर्वांना गेले होते.

स्क्रिप्ट मॅकवर का चुकली ते पुढे सांगतो. पण मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा होता: स्क्रिप्ट चुकली तर चुकली, चाचणी पास कशी झाली?

उत्तर साधे निघाले. चाचणीत 'डिफ' कमांडने अपेक्षित लेबले आणि मिळालेली लेबले ताडून पाहिली होती, आणि तो फरक पडद्यावर दिसावा, फाइलमध्येही उतरावा म्हणून पुढे पाइप लावून 'टी' या कमांडकडे दिला होता. शेलमध्ये पाइपलाइनचा निकाल हा शेवटच्या कमांडचा निकाल असतो. डिफ ओरडून सांगत होता की फरक आहे, पण शेवटी उभा असलेला टी आपले लिहिण्याचे काम नीट करून शून्य, म्हणजे 'सर्व ठीक', परत करत होता. ती चाचणी माझ्या मॅकवरच काय, लिनक्सवरही कधीच नापास होऊ शकली नसती. पहिल्या दिवसापासून ती फक्त 'पास' म्हणायला शिकली होती. पडद्यावर फरकाच्या ओळी आल्याही असतील. मी खालचे 'पास' पाहिले आणि खिडकी बंद केली.

म्हणून एका मशीनवरून दुसऱ्यावर नेताना चाचण्यांचे जे दोष निघतात त्यांचे मी दोन प्रकार करतो. एक, नाहक नापास होणाऱ्या चाचण्या. त्या त्रास देतात, पण निदान आवाज करतात. दुसऱ्या, नाहक पास होणाऱ्या. त्या गप्प बसतात. 'स्क्रिप्ट सगळीकडे चालली पाहिजे' असा सल्ला सगळे देतात, पण चालली म्हणजे काय झाले, हे पाहायला हवे.

शेल म्हणजे नक्की कोणता?

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत '/बिन/एसएच' लिहिले की एकच ठरावीक शेल चालतो असा समज असतो. तसे नाही. हे नाव म्हणजे एक पद आहे, आणि त्या पदावर प्रत्येक घरी वेगळी व्यक्ती बसलेली असते. स्टीफन बोर्न यांचा मूळ शेल १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीबरोबर बाहेर पडला. आज उबुंटूवर त्या जागी 'डॅश' आहे (२००६ पासून, डेबियनने तेच २०११ च्या आवृत्तीत केले). कंटेनरमध्ये लोकप्रिय असलेल्या अल्पाइन लिनक्सवर बिझीबॉक्सचा छोटा शेल असतो. फ्रीबीएसडीचा स्वतःचा वेगळा. मॅकवर बॅश ३.२, ही मूळ २००६ सालची आवृत्ती. त्यानंतरच्या बॅशचा परवाना बदलला आणि ॲपलने पुढच्या आवृत्त्या घेतल्याच नाहीत. २०१९ पासून मॅकवर टर्मिनल उघडले की झेडशेल येतो, पण म्हणून स्क्रिप्टचा एसएच बदललेला नाही.

याचा अर्थ असा की बॅश ४ मध्ये २००९ साली आलेल्या सोयी, उदाहरणार्थ नावाने शोधता येणारे ॲरे किंवा 'मॅपफाइल', मॅकच्या स्वतःच्या बॅशमध्ये नाहीत. हे दोष सहसा लगेच दिसतात. खरी गंमत डॅशवर होते. बॅशमध्ये '&>' लिहिले की कमांडचे सगळे आउटपुट आणि एरर एका फाइलमध्ये जातात. डॅशला ही खूण माहीत नाही. तो ती दोन तुकड्यांत वाचतो: '&' म्हणजे कमांड मागे सोडून दे, आणि '>' म्हणजे फाइल रिकामी कर. कमांड मागे चालू राहते, तिचा निकाल कोणी विचारत नाही, आणि ओळीचा निकाल येतो शून्य. जी चाचणी बॅशवर इमानदारीने नापास होत होती ती उबुंटूच्या एसएचवर पास होऊ लागते. एररचा एक शब्दही नाही!

तसेच चौकटी कंसातल्या तुलनेत दोनदा '=' लिहिण्याची सवय. बॅशला चालते, डॅश तक्रार करतो आणि कंसाचा निकाल २ येतो. पण ती तुलना 'इफ'मध्ये असेल तर २ म्हणजे 'खोटे', मुकाट्याने एल्सकडे जा. तुमची चाचणी 'दोन्ही फाइली सारख्या असतील तर नापास' अशा उलट्या बाजूने लिहिलेली असेल, तर ती आता कायमची पास. एकदाच '=' लिहावे, सगळीकडे चालते.

माझे मत विचाराल तर दोनपैकी एक रस्ता धरा आणि तो पहिल्या ओळीत लिहा. एक तर पॉझिक्स मानकातला साधा शेल, आणि मग चाचण्या रोज डॅशवर चालवा. नाही तर सरळ बॅश, पण ३.२ मध्ये जेवढे आहे तेवढेच वापरून. 'एसएच लिहू, बॅशसारखे वागू' हा तिसरा रस्ता सगळ्यात जास्त वापरला जातो आणि तोच खड्ड्यात नेतो.

हिरवा रंग कुठे कुठे फसवतो

पाइपचे सांगितले. त्यावर बॅशमध्ये 'सेट -ओ पाइपफेल' हा उपाय आहे: पाइपलाइनमधली कुठलीही कमांड नापास झाली तर सगळी ओळ नापास. २०२४ च्या पॉझिक्स मानकात तो दाखलही झाला, पण जुन्या डॅशमध्ये तो नाही. शिवाय त्याचा एक उलटा त्रास आहे. मोठे आउटपुट 'ग्रेप -क्यू'कडे पाठवले तर ग्रेप पहिली जुळणी सापडताच निघून जातो. मागची कमांड अजून लिहीतच असेल तर तिला सिग्नल बसतो, निकाल १४१ येतो, आणि पाइपफेल म्हणतो नापास. आउटपुट लहान असेल तर हेच पास! अशी चाचणी आठवड्यातून एकदा पडते आणि कोणालाच सापडत नाही. म्हणून मी चाचणीत पाइपच टाळतो. आधी आउटपुट फाइलमध्ये, मग निकाल तपासणे, मग फाइल तपासणे. तीन ओळी जास्त लागतात, पण सगळ्या शेलवर सारख्या वागतात.

दुसरा लाडका भरवसा म्हणजे 'सेट -ई', कुठलीही कमांड चुकली की थांब. पण तुमचे फंक्शन 'इफ'च्या अटीत किंवा '&&'च्या डाव्या बाजूला बोलावले असेल, तर त्या फंक्शनच्या आत -ई पूर्ण बंद होते. आतली तिसरी ओळ कोसळली तरी चौथी सुरू राहते. 'लोकल' लिहून त्याच ओळीत कमांडचा निकाल व्हेरिएबलमध्ये घेतला तर मिळणारा एक्झिट कोड 'लोकल'चा असतो, कमांडचा नाही. आधी घोषणा, मग वेगळ्या ओळीवर नेमणूक. -ई वापरू नका असे म्हणत नाही. त्याच्यावर झोपू नका.

आणि सर्वांत फसवे ठिकाण: कमांड नापास व्हायला हवी अशी चाचणी. उदाहरणार्थ, चुकीचा पासवर्ड दिला तर प्रोग्रॅमने नकार दिला पाहिजे. लोक पुढे उद्गारचिन्ह लावून मोकळे होतात. आता समजा प्रोग्रॅम अडकू नये म्हणून तुम्ही तो 'टाइमआउट' कमांडखाली चालवला आहे. लिनक्सवर ती कमांड असते, साध्या मॅकवर नसते. मॅकवर शेल १२७ देतो, म्हणजे अशी कमांडच सापडली नाही. उद्गारचिन्ह म्हणते, नापास ना? मग उत्तम, पास! तुमचा प्रोग्रॅम एकदाही न चालता चाचणी पास झाली. प्रोग्रॅम मेमरी बिघडून कोसळला (लिनक्सवर १३९), तरी पासच. त्यामुळे 'शून्य नाही' एवढे पाहून भागत नाही. नेमका कोणता आकडा अपेक्षित आहे ते लिहा, निदान १२६, १२७ आणि १२८ च्या वरचे आकडे खरे नापास धरा.

तीच कमांड, वेगळा स्वभाव

शेल सांभाळला तरी त्याने बोलावलेल्या कमांड दोन घराण्यांच्या आहेत: लिनक्सवर जीएनयूच्या, मॅक आणि फ्रीबीएसडीवर बीएसडीच्या. अल्पाइनवर तिसरे घराणे, बिझीबॉक्स.

सगळ्यात जास्त तक्रारी 'सेड -आय'च्या, म्हणजे फाइल जागच्या जागी बदलणे. जीएनयूमध्ये -आयला बॅकअपचे शेपूट देणे ऐच्छिक आहे. बीएसडीमध्ये काहीतरी द्यावेच लागते, निदान रिकामे अवतरण. एकाची पद्धत दुसऱ्यावर चालवली की एरर. आणि कोणी -आयनंतर जागा सोडून -ई लिहिले तर मॅक त्या '-ई'लाच शेपूट समजतो आणि फोल्डरभर '-ई'ने संपणाऱ्या फाइली करून ठेवतो. असा कचरा एखाद्या प्रोजेक्टमध्ये दिसला तर समजावे, इथे लिनक्सवाला आणि मॅकवाला दोघे नांदतात. -आयला चिकटून '.बॅक' लिहिले तर दोन्हीकडे चालते. त्याहून बरे म्हणजे नव्या फाइलमध्ये लिहून नाव बदलणे.

'एको'ला -एन दिले तर कुठे नवी ओळ टळते, तर मॅकच्या एसएचवर चक्क '-एन' छापले जाते. उलटी तिरकी रेघ आणि एन लिहिल्यास डॅश नवी ओळ करतो, बॅश तशीच छापतो. 'प्रिंटएफ' वापरा, विषय संपला.

'डब्ल्यूसी -एल' ओळी मोजते. मॅकवर आकड्याच्या आधी मोकळ्या जागा येतात, त्यामुळे '३' आणि मिळालेले उत्तर मजकूर म्हणून ताडले तर जुळत नाहीत. आकडा आकड्यासारखा ताडावा, '='ऐवजी '-ईक्यू'ने.

'स्टॅट', 'डेट' आणि 'रीडलिंक -एफ' यांच्याबद्दल एवढेच सांगतो की पहिल्या दोघांचे ऑप्शन दोन घराण्यांत पूर्ण वेगळे आहेत, आणि तिसरे मॅकवर २०२२ मध्ये, १२.३ या आवृत्तीत आले. लागणारच असेल तर स्वतःचे एक छोटे फंक्शन करा आणि फरक त्याच एका जागी ठेवा.

काही जण मॅकवर जीएनयूच्या कमांड बसवून घेतात आणि प्रश्न सुटला म्हणतात. तुमच्या मशीनवर सुटला. ज्याने त्या बसवलेल्या नाहीत त्या वापरणाऱ्याचे काय होईल हे सांगणारी एकमेव चाचणी तुम्ही त्याच वेळी गमावली.

तात्पुरत्या फोल्डरचे एक: मॅकवर '/टेम्प' ही खरी जागा नाही, '/प्रायव्हेट'च्या आतल्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक आहे. प्रोग्रॅमने खरा पत्ता छापला आणि चाचणीने लिंकचा पत्ता धरला की जुळत नाही. फोल्डरमध्ये गेल्यावर 'पीडब्ल्यूडी -पी'ने खरा पत्ता विचारून तोच पुढे वापरावा.

आता तो ऱ

युनिकोडमध्ये आपला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक अखंड अक्षर म्हणून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट. किंवा र आणि त्याखाली नुक्ता, अशा दोन चिन्हांनी, सहा बाइट. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि युनिकोडच्या नियमानुसार ते समानच आहेत. पण 'ग्रेप', 'डिफ', 'सॉर्ट' यांना युनिकोडचे नियम माहीत नाहीत, ते बाइट पाहतात.

लिनक्सची फाइल सिस्टिम तुम्ही दिलेले बाइट जसेच्या तसे ठेवते. मॅकची त्या काळची एचएफएस प्लस मात्र फाइलचे नाव साठवताना अशी अक्षरे सुटी करून ठेवत असे. माझ्या मॅकवर फाइली उतरल्या तेव्हा फोल्डरमधला कऱ्हाडे सहा बाइटवाल्या ऱचा झाला, यादीच्या आतला मजकूर मात्र कोणी न बदलल्यामुळे तीन बाइटवाल्या ऱचाच राहिला. ग्रेप म्हणाला, असे कोणी यादीत नाही. पाटील, जोशी, शिंदे यांना काहीच झाले नाही, कारण त्यांच्या नावात सुटे होणारे अक्षरच नाही.

२०१७ मध्ये मॅकवर एपीएफएस आली. ती नाव जसे दिले तसे ठेवते, पण दोन्ही प्रकार एकच नाव मानते. म्हणजे आजही, दोन्ही प्रकारांनी फाइल तयार केली तर लिनक्सवर दोन फाइली होतात आणि मॅकवर एक. त्यात आणखी भर म्हणजे र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या पद्धतीनेही हाच अर्धा ऱ लिहिणारे कीबोर्ड आहेत, आणि ती पद्धत युनिकोडच्या समानतेच्या नियमात बसतच नाही. ती आपली आपणच ओळखून बदलावी लागते.

उपाय म्हणजे ताडण्याआधी दोन्ही बाजू एकाच रूपात आणणे. पायथॉनमधले 'युनिकोडडेटा' किंवा आयसीयूबरोबर येणारे 'यूकॉन्व्ह' हे काम करते. मॅकवर 'आयकॉन्व्ह'ला 'यूटीएफ-८-मॅक' असे नाव देऊनही होते. आणि चाचणीच्या नमुन्यात मुद्दाम कऱ्हाडे दोन्ही रूपांत घालावा. आमच्या जुन्या नमुन्यात पाच आडनावे होती, पाचही सरळ. मराठी माणसाने मराठी यादीसाठी लिहिलेल्या चाचणीत एकही ऱ नव्हता!

भाषेची आणखी दोन दुखणी इथेच सांगून टाकतो. 'सॉर्ट'चा क्रम मशीनच्या भाषेच्या सेटिंगवर चालतो, म्हणून चाचणीच्या सुरुवातीला 'एलसी_ऑल' हे व्हेरिएबल 'सी' करून ठेवावे म्हणजे क्रम सगळीकडे बाइटचा होतो. (तो क्रम मराठी नाही हे लक्षात असू द्या. ळ आपल्या वर्णमालेत हच्या नंतर, युनिकोडमध्ये लच्या लगेच नंतर. छापायच्या यादीला वेगळा विचार लागतो, चाचणीला फक्त ठाम क्रम लागतो.) आणि 'टीआर' ही कमांड: देवनागरी आकड्यांचे रोमन आकडे करायला ती मॅकवर छान चालते, पण लिनक्सवरची जीएनयूची टीआर एकेक बाइट धरून चालत आली आहे. आपल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट एकच असल्यामुळे तिथे आकडे तर बदलत नाहीतच, आजूबाजूचा सगळा मजकूर मात्र मातीमोल होतो. पिनकोडच्या यादीवर हे करून पाहू नका, आधी प्रत काढा.

इंग्रजी नावांचा एक सापळा देवनागरीवाल्यांच्या ध्यानात येत नाही, कारण आपल्या लिपीत मोठी आणि छोटी अक्षरे नाहीत. मॅक आणि विंडोजवर सहसा मोठ्या अक्षरांतले आणि छोट्या अक्षरांतले नाव म्हणजे एकच फाइल, लिनक्सवर दोन.

घड्याळ

आमच्या ऑफिसमध्ये एक चाचणी होती जी पुण्यात सकाळी पास होई आणि इथे न्यू जर्सीत संध्याकाळी नापास. दोन्हीकडच्या टीमने एकमेकांच्या मशीनवर संशय घेत तीन आठवडे काढले. त्यातले कितीतरी कॉल पुण्याच्या मुलांसाठी रात्री साडेदहाचे. चाचणी 'आजची तारीख' दोनदा विचारत होती, एकदा स्थानिक वेळेने आणि एकदा जागतिक वेळेने. पुण्याच्या ऑफिसच्या वेळात दोन्ही तारखा जुळतात, इथे संध्याकाळी जुळत नाहीत.

चाचणीत 'टीझेड' व्हेरिएबल ठरवून टाका. साधारणपणे जागतिक वेळ. भारतीय वेळच हवी असेल तर लक्षात ठेवा की छोट्या कंटेनरमध्ये शहरांच्या वेळांचा संच बरेचदा बसवलेला नसतो. मग 'एशिया/कोलकाता' लिहिले तरी अल्पाइन तक्रार न करता जागतिक वेळ दाखवतो. त्याऐवजी पॉझिक्सच्या पद्धतीने 'आयएसटी-५:३०' लिहिले तर संचाची गरज नाही. चिन्ह उलटे आहे, चूक नाही: ही पद्धत ग्रीनिचच्या पश्चिमेला अधिक धरते.

आणि 'स्लीप'. सर्व्हर सुरू व्हायला दोन सेकंद पुरतात म्हणून दोन सेकंद झोपायचे, मग हळू मशीनवर पाच, मग दहा. झोपू नका, विचारत राहा: सर्व्हर उठला का हे दर सेकंदाला पाहा, तीस वेळा विचारूनही नाही उठला तर नापास. जलद मशीनवर वेळ वाचतो, हळू मशीनवर चाचणी पडत नाही. शेवटी मागे सोडलेला सर्व्हर बंद करायला 'ट्रॅप' लावाल, तेव्हा फक्त एक्झिटवर विसंबू नका. मध्येच कंट्रोल-सी दाबले तर बॅश एक्झिटचा ट्रॅप चालवतो, डॅश चालवत नाही. इंटरप्टसाठीही वेगळा लावा.

विंडोज

विंडोजवर बहुतेक जण गिटबरोबर येणारा बॅश वापरतात. तिथे तीन गोष्टी सांभाळल्या की निम्मे काम होते. स्क्रिप्टच्या ओळी विंडोज पद्धतीने संपल्या तर शेल पहिल्याच ओळीला अडखळतो, म्हणून रिपॉझिटरीच्या 'गिटॲट्रिब्यूट्स' फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ सक्तीचे करा. तिरक्या रेघेने सुरू होणारा शब्द हा बॅश मूळ विंडोज प्रोग्रॅमला देताना आपणहून विंडोजच्या पत्त्यात बदलतो, मग तो पत्ता असो वा नसो. आणि उघडी असलेली फाइल विंडोज सहसा पुसू देत नाही, त्यामुळे शेवटची साफसफाई अडते. २०१६ पासून विंडोजमध्येच लिनक्स चालवता येते, पण तिथे पास झालेली चाचणी ही लिनक्सची चाचणी समजावी.

गिटकडून उचलण्यासारखे

शेलमधल्या चाचण्यांचा मोठा आणि जुना नमुना पाहायचा असेल तर गिटचा सोर्स उघडा. २००५ पासून त्याच्या चाचण्या शेलमध्येच आहेत आणि लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे चालतात. प्रत्येक चाचणी-स्क्रिप्ट स्वतःचे कचरा फोल्डर बनवते, होम फोल्डरही तिथेच नेते, भाषा आणि वेळ ठरवून टाकते. त्यामुळे तुमच्या मशीनवरच्या वैयक्तिक सेटिंगचा वारा लागत नाही. चाचणीतली प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला '&&'ने जोडलेली असते, आणि एखादी कडी तुटली तर ती चाचणी चालण्याआधीच पकडली जाते. 'नापास व्हायलाच हवे' यासाठी वेगळे फंक्शन आहे, ते कोसळणे आणि कमांड न सापडणे यांना नकार मानत नाही. फाइल सिस्टिम मोठी-छोटी अक्षरे ओळखते का, लिंक करता येतात का, हे आधी प्रत्यक्ष करून पाहिले जाते आणि जमत नसेल तर ती चाचणी 'वगळली' अशी नोंद होते. मला सर्वांत आवडते ते हेच. मशीनचे नाव विचारायचे नाही, काय येते ते विचारायचे. आणि वगळले तर वगळले असे मोठ्याने म्हणायचे, पासमध्ये मोजायचे नाही.

छोट्या कामाला एवढे नको. २०१२ मध्ये आलेले 'शेलचेक' स्क्रिप्ट न चालवता वाचते आणि वर सांगितलेल्या कितीतरी चुका दाखवते. पहिली ओळ एसएचची असेल तर बॅशचे लाड ओळखून सांगते. 'बॅट्स-कोअर'मध्ये चाचण्या लिहिणे सोपे जाते, पण ते बॅश मागते, हे लक्षात घेऊन निवडा. गिटहबवर प्रोजेक्ट असेल तर तिथल्या ॲक्शन्समध्ये लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींवर चाचण्या लावता येतात.

आणि नवी चाचणी लिहिली की ती एकदा मुद्दाम पाडून बघा. अपेक्षित फाइलमधले एक अक्षर बदला, किंवा प्रोग्रॅमचे नाव चुकीचे लिहा, आणि प्रत्येक मशीनवर ती लाल होते का पाहा. आमच्या लेबलांच्या चाचणीवर हा प्रयोग कोणीही, कधीही, अर्ध्या मिनिटात केला असता तर टीचे बिंग फुटले असते.

मंडळाच्या यादीत आता फाइलींना आडनावाऐवजी सभासद क्रमांक असतो. चाचणीच्या नमुन्यात कऱ्हाडे तिन्ही प्रकारच्या ऱने आहेत, आणि स्क्रिप्ट डॅश, बॅश ३.२ आणि बिझीबॉक्स तिन्हींवर चालवल्याशिवाय लेबले छापत नाही. काकूंच्या घरी त्या वर्षी मी स्वतः जाऊन आमंत्रण दिले. चहा झाला, आणि त्यांच्या मुलाने तिथेच लॅपटॉप उघडून टीची ती ओळ मला दाखवली. गेली काही वर्षे आमंत्रणांची यादी तोच सांभाळतो. स्क्रिप्ट पाहायची असेल किंवा नव्या मशीनवर चालवून द्यायची तयारी असेल, तर पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी नावनोंदणीच्या टेबलावर त्याला गाठावे. विंडोजवर करून पाहणारे अजून कोणी मिळालेले नाही.